दवाखान्याची गुटी

"शंभर टक्के सांगा की अक्का," असं कुणी म्हटलं की अक्का चिडायच्या. कपाळावरच्या विभूतीच्या रेघा वर चढायच्या, चष्मा नाकावर घसरायचा आणि समोरच्या बाईला ऐकून घ्यावं लागायचं, "शंभर टक्के देवाला विचार. मी पगारी बाई हाय. मला जेवढं ठावं हाय तेवढं सांगते. जे ठावं न्हाय ते न्हाय म्हणून सांगते. पटलं तर बस, न्हाय तर दुसरीकडं विचार." आता बोला! भेदरून आलेल्या बाईशी असं कुणी बोलतं का? पण गंमत अशी, की ती बाई हटकून बसायची. आणि उठायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थोडा तरी रंग आलेला असायचा.

सोलापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात, एचआयव्हीच्या तपासणीच्या विभागात, आमच्या दोन खोल्या शेजारी शेजारी होत्या. मी रक्त काढायची, आणि त्या रक्तातून जे निघेल ते माणसाला सांगायचं काम अक्कांचं. त्यांच्या दारावर 'समुपदेशक' अशी पाटी होती, पण तो शब्द कुणाच्या तोंडात बसायचा नाही. त्यांचं खरं नाव शिवलीला. तेही हजेरीपुरतंच. शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणायचे. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या त्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. आमच्या विभागात गरोदर बायका खूप यायच्या, कारण पोटुशी बाईची ही तपासणी आता सगळीकडेच होते. आणि त्यातल्या एखादीच्या चिठ्ठीवर नको ते उमटलं, की ती अक्कांची व्हायची. बाळ दीड वर्षाचं होईपर्यंत तिचा पिच्छा त्या सोडायच्या नाहीत.

मी तशी तोंडाळ बाई. कुणी मला शिकवायला आलं की मला खपत नाही. पण पहिल्याच आठवड्यात अक्कांनी मला कोपऱ्यात घेतलं. म्हणाल्या, "सुई टोचताना तोंड वाकडं करतेस तू."

"उकडतंय म्हणून हो अक्का."

"तुला उकडतंय. तिला वाटतं, तिच्या रक्ताची किळस आली." एवढं बोलून त्या गेल्या. मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर डबा खाल्ला नाही. पण त्यानंतर तोंड वाकडं करायची माझी छाती झाली नाही, हेही खरं.

त्यांच्या डब्यात वर्षाचे बारा महिने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. तीही जास्तीची, कारण अर्धी त्यांच्या पोटात जायचीच नाही. माढा, करमाळा, कुठून कुठून बायका पहाटेची एसटी धरून यायच्या. नंबर लागेपर्यंत बारा वाजायचे. अक्का टेबलाखालून भाकरीचा तुकडा पुढे करायच्या. "आधी खा. उपाशी बाईला काय बी सांगितलं तरी ती मरणाचंच ऐकती." एकदा मोठे डॉक्टर अचानक आत आले, तर एक बाई तोंडात भाकरी कोंबून बसलेली आणि अक्का गंभीर चेहऱ्यानं तिला पाळीची तारीख विचारताहेत! डॉक्टरांनी टेबलावरचा चटणीचा कण बोटानं उचलला, तोंडात टाकला आणि निघून गेले.

आणि त्यांचे ते प्रश्न! आजाराबद्दल नंतर. पहिला प्रश्न, "घरात गोळ्या कुटं ठेवशील?" बाईला वाटायचं, हे काय विचारतात. पण अक्कांना ठाऊक होतं की बायका गोळी आजारामुळे सोडत नाहीत, डबीच्या आवाजामुळे सोडतात. प्लॅस्टिकच्या डबीत गोळ्या खुळखुळतात, सासू विचारते हे काय. म्हणून प्रत्येकीच्या डबीत अक्का स्वतःच्या हातानं कापूस भरून द्यायच्या, वर झाकण लावून कानाशी हलवून बघायच्या. कुणी ज्वारीच्या कणगीत ठेवायची, कुणी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, एकीनं तर देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे ठेवली होती. "बरं केलंस," अक्का म्हणाल्या, "तितं तरी तुजी सासू रोज धूळ झाडत नसंल."

पोटातल्या बाळाला ह्या गोळ्यांनी काही होईल का, ही भीती मात्र सगळ्यांची सारखी. कुणी म्हणायची गोळी उष्ण पडते, कुणी म्हणायची बाळ काळं निपजतं. अक्का हसून सोडून द्यायच्या नाहीत, प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत बसायच्या. आणि एकदा काय झालं, नवी गोळी आमच्याकडे यायला लागली होती. जुनीपेक्षा चांगली, रोज एकच. अक्कांनी चार-पाच जणींना सांगून टाकलं होतं, की हिचा बाळाला काही त्रास नाही. मग एका प्रशिक्षणात त्यांच्या कानावर आलं, की परदेशात एक शंका निघाली आहे. दिवस राहण्याच्या सुमाराला ही गोळी चालू असेल तर बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहण्याची शक्यता किंचित जास्त असावी. शंकाच होती, ठाम कुणीच सांगत नव्हतं. मी म्हटलं, "अक्का, गप्प बसा. कशाला उगाच घाबरवता? गोळ्या सोडून देतील."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं माझ्या खोलीत गेले. वहीतून नावं काढून त्यांनी एकेकीला बोलावलं. "लेकराला काय न्हाय होत, असं मी तुला म्हणाले होते. तेवढं नक्की सांगायला नको होतं. अशी अशी शंका हाय. गोळी बंद करू नको, डॉक्टर बघतील, सोनोग्राफी करतील. पण मी बोलले ते माझं मलाच परत घ्यायला पायजे." एक बाई चिडली, एक रडली. पुढे जगभरातल्या पुष्कळ बायकांची माहिती गोळा होत गेली तशी ती शंका विरली, आणि त्या बायकांची लेकरंही धडधाकट झाली. मी म्हटलं, "बघा, उगाच डोक्याला ताप करून घेतलात." तर म्हणाल्या, "अगं, माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी गोळी गिळली होती. औषधाकडं बघून न्हाय."

एवढी खऱ्याला धरून चालणारी बाई. आणि तरी एकदा त्या खोटं बोलल्या. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

रेणुका म्हणू तिला. खरं नाव सांगणार नाही, सांगितलं तर अक्का माझा कान धरतील. सासर टेंभुर्णीचं, माहेर माढ्याजवळच्या एका गावात. पहिलटकरीण. चौथ्या महिन्यात तपासणीत निघालं. नवऱ्यालाही निघालं. तो गॅरेजमध्ये कामाला, शांत पोरगा, अक्कांसमोर मान खाली घालून बसायचा. दोघांनी घरात कुणाला सांगितलं नाही. रेणुका पहिल्या दिवशी रडलीसुद्धा नाही. फक्त विचारलं, "अक्का, गोळ्या खाल्ल्या तर माझं लेकरू अधू व्हईल का?"

अक्कांनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघ. तुज्या अंगात जो विषाणू हाय, तो लेकराला तीन वाटांनी जाऊ शकतो. पोटात, बाळंतपणात आणि दुधातनं. गोळी रोज घेतलीस की तो तुज्या रक्तात इतका कमी हुतो की मशिनीलाबी सापडत न्हाय. मग लेकराकडं जायला उरतंय काय? ह्या गोळ्या खाऊन बायकांनी लई लेकरं जन्माला घातली, चांगली धडधाकट. एखाद्या लेकराला काय बी होऊ शकतं, गोळी खाल्ली तरी आणि न खाल्ली तरी, ते मी नाकारत न्हाय. पण गोळीची भीती बोटभर असंल, तर गोळी सोडायची भीती हातभर हाय."

रेणुकानं एक दिवस चुकवला नाही. आठव्या महिन्यात रक्त तपासलं, विषाणू मोजता येणार नाही इतका कमी. अक्कांनी तो कागद मला आणून दाखवला, स्वतःच्या पोरीच्या दहावीचा निकाल असावा तसा. बाळंतपण दवाखान्यातच झालं. मुलगा. चांगला टपोरा, डोकंभर जावळ.

आता पुढचं. अशा बाळाला जन्मल्याबरोबर सहा आठवडे एक पातळ औषध द्यावं लागतं, रोज एकदा, मोजून. आणि त्या काळात बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय दुसरं काही जायचं नाही. मध नाही, पाणी नाही, गुटी तर नाहीच. इथंच गाडी अडली. रेणुकाची आई बाळंतिणीला न्यायला आली ती सहाण बांधूनच. हळकुंड, वेखंड, मुरूडशेंग, जायफळ, सगळं फडक्यात. "गुटीबिगर लेकरू वाढतंय व्हय? माज्या दोन पोरी गुटीवरच वाढल्या. थोरलीचं लेकरू घरी हाय पंधरा दिसांचं, त्यालाबी चालू हाय." थोरली मंगल, तीही बाळंतपणाला माहेरीच आलेली. घरात दोन पाळणे.

रेणुका कॉटवर पांढरीफटक. आईला खरं सांगायची तिची तयारी नव्हती. अक्कांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्या सहाणेकडे. मग औषधाची बाटली उचलली आणि म्हणाल्या, "मावशी, ही दवाखान्याची गुटी. ह्या पिचकारीनं रोज एकदा, ह्या रेघेपर्यंत. ही चालू असताना घरातली घासायची न्हाय. दोन्ही एकमेकींना चालत न्हाईत."

मावशीचा चेहरा असा खुलला! "दवाखान्यातबी गुटी देत्यात? लई बरं झालं की." बाटली पदरात गुंडाळून घेतली. मी दारात उभी होते. त्या गेल्यावर मी टाळ्याच वाजवल्या. म्हटलं, "अक्का, मानलं तुम्हाला!" अक्काही हसल्या. खूश होत्या त्या, मी बघितलंय. दोन दिवस ज्याला त्याला भाकरी वाटत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात रेणुकाचा फोन आला. अक्का माझ्याच खोलीत होत्या, म्हणून मी ऐकलं.

"अक्का, बाटली संपली."

"संपली? अजून लई दिवस पुरायची ती. सांडली काय गं?"

पलीकडून आधी हुंदका. मग रडणं. अक्का खुर्चीत हळूहळू बसल्या. फोन ठेवला आणि कानडीत काहीतरी पुटपुटल्या, मग मला सांगितलं.

झालं होतं असं. बाळाला अंघोळ घालणं, तेल लावणं, शेकणं आणि मग गुटी, हे सगळं आजीचं काम. बाळंतीण आत अंधाऱ्या खोलीत बाजेवर, कानाला फडकं बांधून. रेणुकानं तीनदा म्हटलं, औषध मी देते. पण आई म्हणायची, तू पडून राहा, गुटी काय बाळंतिणीनं पाजायची असते? आणि जास्त हट्ट धरला तर आईला संशय येईल म्हणून पोरगी गप्प बसली. आजीनं दवाखान्याची गुटी मोठ्या विश्वासानं पाजली. दोघांना! एका नातवाला द्यायची आणि दुसऱ्याला नाही, हे कुठल्या आजीच्या हातून होईल? बाटलीतली वाटीत ओतायची, वाटीतून पिचकारी रेघेपर्यंत भरायची, अर्धी ह्याला, अर्धी त्याला, आणि वाटीत उरेल ती शिळी म्हणून ओतून द्यायची. बाटली संपत आली तेव्हा तिनंच कौतुकानं सांगितलं, "दोघंबी कशी गुटगुटीत झाल्याती बघ."

म्हणजे ज्याला पूर्ण औषध हवं, त्याला अर्धं मिळालं. आणि ज्याला थेंबभर नको, त्याला रोज मिळालं.

अक्का उठल्या आणि थेट बालरोगाच्या डॉक्टरांकडे गेल्या. मीही मागोमाग. एक शब्द न लपवता सगळं सांगितलं. डॉक्टर तरुण होते, चांगलेच तापले. "गुटी? तुम्ही गुटी सांगितलंत?" अक्का म्हणाल्या, "व्हय सर. चूक माझी. आता काय करायचं तेवढं सांगा." डॉक्टर निवले. म्हणाले, पूर्ण डोस आजपासून चालू करा. आईच्या रक्तात विषाणू सापडत नव्हता, ती मोठी ढाल आहे, पण बाळाची तपासणी होईपर्यंत मी काही कबूल करणार नाही. दुसऱ्या बाळाला एवढ्याशा औषधानं बहुतेक काही होणार नाही, ह्या वयाच्या बाळांना आपण हेच देतो, तरी अंगावर पुरळ, डोळ्यांत पिवळेपणा बघा, आणि त्याला घेऊन या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी निघालो. मी का गेले, तर अक्का एकट्या जायला निघाल्या होत्या आणि औषधाची नवी बाटली टेबलावरच विसरल्या होत्या.

घरात शेगडीचा, ओव्याच्या धुरीचा वास. ओसरीवर दोन पाळणे. मावशी तोंडभर हसून पुढे आली, "या की, या. चहा टाकते." अक्का बसल्याच नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "मावशी, मी तुमाला खोटं सांगितलं. ती गुटी न्हाय. औषध हाय. रेणुकाच्या लेकराला लागतंय, मंगलच्या न्हाय."

मावशीला काही उमगेना. पण मंगल ताडकन उठली. स्वतःचं लेकरू पाळण्यातून उचलून छातीशी धरलं. "कशाचं औषध?"

"औषधाचं नाव सांगते. त्यानं काय होऊ शकतं तेबी सांगते. तुज्या लेकराचं रक्त तपासू. तेवढा तुजा हक्क हाय."

"आणि आजार कंचा, ते?"

"ते मी सांगणार न्हाय."

"माज्या लेकराला रोज पाजलंय आणि मला कळायला नको व्हय?" मंगलचा आवाज चढला, तिचं लेकरू रडायला लागलं, त्याचं ऐकून दुसरंही. मला वाटलं, सांगून मोकळ्या व्हा अक्का, पोरीचं काय चुकलं? खरंच तिचं काही चुकत नव्हतं. अक्का तशाच उभ्या. "मला हाताला धरून घराबाहेर काढ. पण ते माज्या तोंडातनं येणार न्हाय."

आतल्या खोलीच्या दारात रेणुका येऊन उभी राहिली होती. कानाचं फडकं सोडलेलं. "ताई, मला एचआयव्ही हाय," ती म्हणाली. "ते लेकराला होऊ नये म्हणून औषध हाय ते."

मग मावशी मटकन खाली बसली. मला वाटलं आता ही पोरीला बोलणार, जावयाला शिव्या घालणार. तसं काहीच नाही. ती आपल्या दोन हातांकडे बघत होती. "म्हंजी... मी त्याचं निम्मं औषध तोडलं?" तिनं अक्कांना विचारलं. "लेकराचं वाचायचं औषध मी माज्या हातानं तोडलं?"

अक्का तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. तिचे हात धरले. "तुमी न्हाय तोडलं, मावशी. मी खोटं बोलले म्हणून तुटलं. हे माजं पाप हाय, तुमी अंगाला लावून घेऊ नका." आणि रडल्या हो त्या. पेशंटसमोर अक्कांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं. मी पाळणे हलवत राहिले, दुसरं काय करणार?

मंगल लेकरू घेऊन आत निघून गेली. रेणुकाच्या जवळून गेली, पण थांबली नाही. अक्कांनी नवी बाटली दिली, रेघ तीनदा दाखवली. आम्ही निघालो, फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या राहिलो. तर मागून मंगल आली, लेकरू शालीत गुंडाळलेलं. आमच्याकडे न बघता म्हणाली, "माज्या लेकराचं रक्त आजच तपासा. मी येते तुमच्यासंगं." गाडी आली. चढताना म्हणाली, "आणि तिच्या लेकराचं औषध उद्यापास्नं मी देते. आईला रेघ नीट दिसत न्हाय." अक्कांनी तिला शेजारी जागा करून दिली. सोलापूर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. एकदाच बोलल्या, "लई शहाणी समजत होते मी स्वतःला."

मंगलच्या बाळाला काही झालं नाही. रक्त चांगलं, अंग स्वच्छ. रेणुकाचं बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर दोघी बहिणी त्याला घेऊन आल्या. टाचेला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि मोठ्या लॅबला पाठवायचे, हे माझं काम. बाळ किंचाळलं. अक्का त्याचं पाऊल धरून "आतु, आतु" करत होत्या. कानडीत झालं झालं म्हणतात तसं. निकाल यायला वेळ लागतो. तेवढे दिवस त्या बाईनं मला पिडलं! टपाल आलं का, फोन आला का. निकाल चांगला आला, तर मी नाचायच्या बेतात, आणि अक्का म्हणतात, "अजून दूध चालू हाय. दीड वर्षाचं झालं की शेवटची तपासणी. तवर काय बोलू नकोस."

त्या प्रसंगानंतर त्यांची कामाची पद्धत बदलली. गुटी हा शब्द तोंडातून गेला. प्रत्येक बाळंतिणीला आता एक प्रश्न जास्तीचा, "घरातल्या एका तरी माणसाला सांगशील का? कुणाला, ते तू ठरव." आणि त्यावर तासतासभर बसायच्या. बाहेर रांग खोळंबायची, मी कटकट करायची. एखादी बाई नाहीच म्हणाली तर नाही. पण तिला मग त्या रोज फोन करायच्या, औषधाच्या वेळेला, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

आणि नेमक्या त्या शेवटच्या तपासणीच्या दोन महिने आधी अक्का निवृत्त झाल्या. हार घातला, नारळ दिला, भाषणं झाली. अक्कलकोटच्या पलीकडे भावाच्या गावी राहायला गेल्या. दोन महिन्यांनी रेणुका पोराला घेऊन आली. मी तपासणी केली. निकाल हातात आला तसा मी फोन लावला. "अक्का, रेणुकाच्या पोराचं..."

"थांब!" केवढ्यानं ओरडल्या! "सांगू नकोस. मी आता तितली न्हाय. त्या वहीवर माजी सही न्हाय. बाहेरच्या माणसाला पेशंटचं सांगतेस?"

"अहो अक्का, तुमच्याशिवाय ह्या पोराचं—"

"माज्यासाठी नियम मोडशील तर उद्या कुणासाठीबी मोडशील." फोन ठेवला. मला इतका संताप आला! डोळे भरून आले माझे. हट्टी म्हातारी. स्वतःचा जीव टांगणीला आणि वर मलाच शिकवते. महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग त्यांनीच फोन केला. पुतणीचं लग्न होतं, साड्या घ्यायला सोलापूरला येणार होत्या. आम्ही नवी पेठेत भेटलो. भर दुपारी, लग्नसराईची ही गर्दी, पायात पाय. साड्या झाल्या, आणि एका भांड्यांच्या दुकानासमोर अक्का डबे बघत थांबल्या. तेवढ्यात मला गर्दीतून रेणुका येताना दिसली. कडेवर पोरगं, बरोबर सासू. मी हात वर करणार, तर अक्कांनी माझं मनगट दाबलं आणि पाठ फिरवली. रस्त्यात पेशंट दिसला की त्या कायम अशाच वागायच्या. ओळख दाखवली की बरोबरचं माणूस विचारतं, ही बाई कोण? त्या डब्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

सासू शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात शिरली. रेणुका शिरली नाही. ती आमच्याजवळ आली, दोन हातांचं अंतर ठेवून उभी राहिली. तीही डब्यांकडे बघायला लागली. पोराला खाली उतरवलं.

"दवाखान्याला काय झाली रं?" तिनं पोराला विचारलं. आवाज जरा मोठाच. "सांग की. सुट्टी झाली न्हवं?"

"थुट्टी," पोरगं म्हणालं.

"कुणाला सुट्टी?"

त्यानं स्वतःच्या छातीवर हात आपटला. "मना."

"आता परत जायचं न्हाय न्हवं? कदीच न्हाय. डॉक्टर म्हणाले, ह्याला काय न्हाय, घरी जा, खेळ." बांगड्यांच्या दुकानातून सासू ओरडली, "कुणाशी बोलतीस गं?"

"लेकराशी, आत्याबाई," रेणुकानं सांगितलं. पोराला उचललं आणि गेली.

अक्का एका डब्याचं झाकण लावत होत्या, काढत होत्या, परत लावत होत्या. दुकानदार म्हणाला, "मावशी, द्यायचा का?"

"झाकण घट्ट हाय का बघतेय," अक्का म्हणाल्या. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं त्यांना.

मग त्या वळल्या. बांगड्यांच्या दुकानातून निघून सासू-सून गर्दीत चालल्या होत्या. रेणुकाच्या खांद्यावरून पोराचं डोकं तेवढं दिसत होतं. ते मागे बघून हात हलवत होतं, पेठेतल्या सगळ्यांनाच. अक्कांचा हात आपसूक वर गेला, अर्ध्यावर थांबला, आणि त्यांनी त्याच हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला. पोरगं मात्र दिसेनासं होईपर्यंत हात हलवत होतं.